विचारपूस

दर पाच वर्षांनी परवान्याला ऊन दाखवावं लागतं.
म्हणून नोव्हेंबरातल्या शनिवारी, पानेवेझीसमध्ये,
बसस्थानकामागच्या हॉटेलात आम्ही अठरा जण
बुटांचा चिखलबर्फ पायपुसण्यावर झटकून
वहीत सह्या करतो.
शाळेतल्या दोघी, तुरुंगातला एक अबोल माणूस,
बाकी माझ्यासारखे, बंद खोलीत खुर्ची झिजवणारे.
सहा तास. सहा श्रेयांक.
जेवणात बिटाचं सूप आणि काळा पाव.

योलिता विल्निअसहून आलीय, माझ्या निम्म्या वयाची.
फळ्यावर एकाखाली एक प्रश्न लिहिते.
'आडवळणाने विचारू नका,' म्हणते,
'मरण हा शब्द तोंडाने उच्चारा.
विचारल्याने तो कुणाच्या मनात शिरत नाही.
आधीच असला, तर त्याला बसायला खुर्ची मिळते.'
वाइदोतास ते शब्दन् शब्द उतरवून घेतो.
मी नाही घेत.
हे मला सत्तावीस वर्षं माहीत आहे.

मग जोड्या पडतात. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने आपण.
माझ्यासमोर स्किरमांते.
गेल्या वर्षीचा परवाना,
नखांवर उडत चाललेला निळा रंग.
मला दिलेल्या कागदावर एक माणूस आहे:
वय एक्कावन्न, नोकरी गेलेली, भूक नाही.
मी कागद पालथा घालते,
तोंड उघडते,
आणि बोलायला लागतो तो झेनोनास.

'मधमाश्यांच्या पेट्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या,' तो म्हणतो
माझ्या तोंडून, सोळा वर्षांनी, त्याच सुरात,
जसं कुणी सांगावं की छत्री विसरलो.
'हिवाळ्यात कोण बघणार त्यांच्याकडे?'

तेव्हा मी काय विचारलं होतं?
झोपेचं.
'आता छान लागते,' तो म्हणाला होता,
आणि मी, खूश होऊन, लिहिलं होतं: सुधारणा.
अक्षरही किती वळणदार आलं होतं त्या दिवशी.
विचारलं होतं मी सगळं.
पुसलं नव्हतं.

स्किरमांते यादीकडे बघत नाही.
तिचं पेन टेबलावरून घरंगळत जातं, तेही उचलत नाही.
'पेट्या किती होत्या?'
तीन.
'त्यातली आवडती कुठली?'
(असा प्रश्न फळ्यावर नव्हता.)
मधली, मी म्हणते. मला कसं माहीत, देव जाणे.
मग ती थोडी पुढे झुकते,
आवाज चढवत नाही, उतरवतही नाही:
'तुम्ही मरायचं ठरवलंय का?'

सोळा वर्षं माझ्यापाशी हा प्रश्न होता.
उत्तर नव्हतं. ते तो घेऊन गेला होता.
पलीकडच्या जोडीतला तुरुंगवाला हसतो कशाला तरी,
कपबशा वाजतात,
आणि मी म्हणते, 'हो.'
कुणाच्या वतीने, ते ठरेना.
'बरं झालं सांगितलंत,' स्किरमांते म्हणते.
'आज रात्री घरी कोण आहे?'

घंटा.
'कुणाला काय जाणवलं?' योलिता विचारते.
वाइदोतासला बरंच काही जाणवलंय.
मी अभिप्रायाच्या फॉर्मवर चारच्या चौकटीत खूण करते,
'आज नवीन काय शिकलात?' ही ओळ कोरी सोडते,
प्रमाणपत्राची घडी पडू नये म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळते.
योलिताने फळा पुसलाय,
पण शाई हट्टी. चौथा प्रश्न पुसटसा दिसतो अजून.

बसस्थानकावर चारलाच दिवे लागलेत.
स्किरमांते शेजारी येऊन उभी राहते,
टोपी कानांवर ओढून.
'ते पेट्यांचं कागदावर नव्हतं ना?'
नाही.
ती मान हलवते. बराच वेळ काही बोलत नाही.
हे तिला कुणी शिकवलं, विचारायला हवं होतं.
मग, बसच्या पाटीकडे बघत बघत:
'आणि तुम्हाला? झोप कशी लागते?'

'आता छान लागते,' मी म्हणाले.

तिची बस आली. दार उघडलं,
चालकाने जरा वाट पाहिली.
स्किरमांतेने ती जाऊ दिली.